पिकअपमागे मिनी एक्स्कॅव्हेटर न्यायचाय? ट्रेलर असा निवडा

पिकअपच्या माहितीपत्रकात ‘ओढण्याची क्षमता ३,५०० किलो’ लिहिलेलं असतं. मशीन, म्हणजे खोदकामाचा छोटा एक्स्कॅव्हेटर, ‘साडेतीन टनी’ म्हणून ओळखलं जातं. दोन आकडे जुळले, म्हणून लोक बिनधास्त ट्रेलर बघायला निघतात. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते, कारण ३,५०० किलोच्या त्या आकड्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. असं मशीन पेलणारा ट्रेलर रिकामाच १,२०० ते १,४०० किलोचा असतो. त्यात बकेट, ब्रेकर (खडक फोडणारा हातोडा), साखळ्या आणि ट्रॅकमध्ये (मशीन ज्या पट्ट्यांवर चालतं त्यांत) अडकलेली माती मिळवली की मागे लागलेलं ओझं पाच टनांच्या पुढे जातं. इंजिन ते ओढेलही. प्रश्न उतारावर, भिजलेल्या रस्त्यावर, समोर अचानक कोणी आलं की उभा राहतो. ट्रेलर निवडताना प्रत्येक टप्प्यावर विचारायचं ते एकच: हे सगळं वजन थांबेल का आणि सरळ राहील का?

म्हणून सुरुवात ट्रेलरच्या दुकानात करू नका. आधी मशीनचं वजन, मग पिकअपच्या मर्यादा, आणि त्यानंतर ट्रेलर, असा क्रम ठेवा.

मशीनचं खरं वजन काढा

निर्मात्याच्या तक्त्यात जे ‘ऑपरेटिंग वेट’ असतं त्यात आयएसओ ६०१६ मानकाप्रमाणे भरलेली डिझेल टाकी आणि ७५ किलोचा ऑपरेटर धरलेला असतो. ऑपरेटर ट्रेलरवर बसून प्रवास करणार नाही, तेवढे ७५ किलो वजा करा. मात्र पुढची भर त्यापेक्षा कितीतरी मोठी असते. तक्त्यातला आकडा बऱ्याचदा फक्त छत असलेल्या, बाजूंनी उघड्या मॉडेलचा असतो. बंद केबिन असेल तर साधारण शंभर किलो वाढतात. रबरी ट्रॅकऐवजी लोखंडी ट्रॅक असतील तर आणखी भर. क्विक कपलर (बकेट झटपट बदलायची जोडणी), जादा काउंटरवेट, मागाहून बसवलेला अंगठा (बकेटसमोर माल पकडणारा दांडा), यातलं काहीच मूळ आकड्यात नसतं.

साधारण पावणेदोन टनी मशीनचा हिशेब करून पाहू. तक्त्यातलं वजन १,७५०, ऑपरेटर वजा केल्यावर १,६७५. दोन जादा बकेट मिळून १००. या वर्गाच्या मशीनला लागणारा हायड्रॉलिक ब्रेकर १३०. साखळ्या, बाइंडर (साखळी ताणायचं साधन) आणि लाकडी ठोकळे ४०. चिखल आणि डिझेलचा कॅन ४०. बेरीज १,९८५ किलो. हे बसवणारा दोन एक्सलचा ट्रेलर रिकामा ८०० किलोचा धरला, तर पिकअपमागे एकूण २,७८५ किलो लागले. मशीन पावणेदोन टनी आणि ओझं पावणेतीन टनांच्या वर, हा फरक नीट लक्षात ठेवा.

हाच हिशेब ३,६०० किलोच्या मशीनला लावा. ऑपरेटर वजा करून ३,५२५, बकेट १५०, ब्रेकर २००, बांधायचं सामान ६०, माती ६५, झाले ४,००० किलो. ट्रेलर १,३५० किलोचा. एकूण ५,३५०. मध्यम आकाराच्या पिकअपचं हे काम नाही. त्यासाठी वरच्या वर्गातली, जड ओढकामासाठीच बनलेली पिकअप लागते. नाहीतर मशीन नेण्यासाठी छोटा ट्रक बघा. ३,५०० किलोची मर्यादा असलेल्या पिकअपमागे सगळ्या सामानासकट न्यायचं असेल, तर मशीन दोन टनांच्या आतलं असणं उत्तम. अडीच टनी मशीन कागदावर बसतं, पण ब्रेकर आणि जादा बकेट घरी ठेवावी लागते.

शंका असेल तर मशीन वजनकाट्यावर न्या. जुन्या मशीनवर मागच्या मालकाने काय काय वेल्डिंग करून ठेवलंय ते कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

पिकअपच्या मर्यादा

ओढण्याची क्षमता हा यातला सगळ्यात ठळक छापलेला आणि सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा. तो बहुधा जवळपास रिकाम्या गाडीसाठी असतो. त्याच्यासोबत चार आकडे बघावे लागतात: पिकअपचं कमाल एकूण वजन, मागच्या एक्सलची मर्यादा, पिकअप आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, आणि हिचची (पिकअपमागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीची) स्वतःची मर्यादा. पहिले दोन दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा वाहनाच्या प्लेटवर मिळतात, तिसरा बहुधा मॅन्युअलमध्ये, चौथा हिचवर कोरलेला असतो. यातली जी मर्यादा आधी गाठली जाईल ती खरी. हिच २,५०० किलोचा असेल तर पिकअप कितीही ताकदवान असो, तुमची मर्यादा २,५०० किलो.

ट्रेलरच्या दांड्याचं जे वजन टो-बॉलवर (हिचवरच्या गोळ्यावर) खाली दाबतं त्याला टंग वेट म्हणतात. ते पिकअपच्या भारवहन क्षमतेतून वजा होतं, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वरच्या उदाहरणात २,७८५ किलोच्या १२ टक्के म्हणजे जवळपास ३३५ किलो टो-बॉलवर आले. त्यात तीन माणसं २४० आणि हौद्यातली हत्यारं १५० मिळवली की ७२५ किलो झाले. पिकअपची क्षमता ९०० असेल तर ठीक. ७०० असेल तर ट्रेलरवर काहीही चूक नसताना पिकअप ओव्हरलोड.

शिवाय टो-बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथलं वजन तरफेसारखं काम करतं. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३.२ मीटर अंतर असेल आणि बॉल मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे असेल, तर ३३५ किलोच्या टंग वेटमुळे मागच्या एक्सलवर सुमारे ४६० किलो पडतात आणि पुढच्या एक्सलवरून सव्वाशे किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागणं, हेडलाइट वर झाडाकडे बघणं, ब्रेक लावताना पुढची चाकं लवकर घसरणं, हे सगळं त्यातूनच येतं. वजन वाटून देणारा हिच, म्हणजे दोन स्प्रिंग-दांड्यांनी पुढच्या एक्सलवर भार परत टाकणारा, अशा वेळी खरंच उपयोगी पडतो. मात्र तो कुठलीच मर्यादा वाढवत नाही. आणि सरकत्या दांड्यावर चालणारे ओव्हररन ब्रेक असलेल्या ट्रेलरला तो लावण्याआधी दोन्ही निर्मात्यांची संमती बघा, कारण काही रचनांमध्ये तो दांड्याची हालचालच जखडून टाकतो.

टंग वेट किती असावं? उत्तर अमेरिकेच्या पद्धतीचे ट्रेलर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांसाठी बनतात. हौद्यात बसणाऱ्या गूसनेक हिचला २० ते २५ टक्के. युरोपीय पद्धतीच्या ट्रेलरचे कपलर (दांड्याच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) मात्र बऱ्याचदा १०० ते १५० किलोवरच थांबतात, त्यांचे एक्सल त्या हिशेबाने बसवलेले असतात. तेव्हा टक्केवारी आंधळेपणाने लावू नका. कपलर, बॉल आणि पिकअप या तिघांवर छापलेला सर्वात कमी आकडा पाळा.

परवाना आणि नोंदणीचे नियम देशागणिक बदलतात. किती वजनाच्या ट्रेलरला वेगळा परवाना लागतो, किती वजनापुढे ब्रेक सक्तीचे, हे खरेदीआधीच परिवहन कार्यालयात विचारून घ्या. आणि कायद्याने सक्ती नसली तरी मशीन नेणारा ट्रेलर बिनब्रेकचा घेऊ नका. यावर तडजोड नाही.

कोणत्या प्रकारचा ट्रेलर

पिकअपमागे छोटं खोदकामाचं मशीन न्यायला बहुतेकांसाठी दोन एक्सलचा, चाकांच्या मधे खाली बसलेल्या डेकचा ट्रेलर योग्य. डेक जमिनीपासून साधारण ६० ते ६५ सेंमीवर येतो, गुरुत्वमध्य खाली राहतो, चढ कमी लागतो. त्याचा तोटा म्हणजे मडगार्डच्या मधली रुंदी, जी बहुधा २.१ मीटरच्या आसपास असते. पावणेदोन टनी मशीन १ ते १.३ मीटर रुंद असतं, त्याला जागाच जागा. साडेतीन टनी मशीन १.५५ ते १.७ मीटर, तेही बसतं. पाच टनी मशीन दोन मीटरच्या जवळ गेलं की दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं उरतात आणि ऑपरेटरला घाम फुटतो. मोजताना ट्रॅक नाही, पुढचं डोझर ब्लेड मोजा. बऱ्याच मशीनचं ते सर्वात रुंद अंग असतं.

चाकांच्या वर डेक असलेला ट्रेलर पूर्ण रुंदी देतो, पण डेक ८५ ते ९० सेंमीवर जातो. मशीन उंच बसतं, वळणावर डोलतं, आणि रॅम्प लांब लागतो. रुंद मशीन किंवा बाजूने फोर्कलिफ्टने चढवायचा माल असेल तरच तो घ्या.

टिल्ट डेकचा ट्रेलर मागे कलतो, वेगळा रॅम्प लागत नाही. चढ सौम्य असतो, आणि दिवसातून दोन-तीन साइट बदलणाऱ्याला त्यात वेळ वाचल्याचं रोज जाणवतं. वजनाने आपोआप कलणारा प्रकार घेतलात तर धक्का शोषणारा हायड्रॉलिक सिलिंडर आहे ना ते बघा. तो नसेल किंवा गळत असेल तर मशीन समतोल बिंदू ओलांडताच डेक धाडकन खाली आदळतो. टिल्टची यंत्रणा जड असते, तेवढं वजन मालातून कमी होतं.

डंपिंग ट्रेलरमध्ये मशीनही न्यावं आणि मातीही, असा मोह होतो. पण त्याचं रिकामं वजन जास्त, बाजूच्या भिंतींमुळे साखळ्या नीट कोनात बसत नाहीत. मुख्य काम मातीचं असेल तर घ्या, मशीनसाठी म्हणून नको.

एका एक्सलचा ट्रेलर एक टनी मायक्रो मशीनपुरता ठीक. त्यापुढे दोन एक्सल हवेतच. एक टायर फुटला तरी ट्रेलर लगेच कोसळत नाही, आणि सरळ चालण्यातला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

क्षमता आणि लांबी

ट्रेलरच्या प्लेटवर कमाल एकूण वजन आणि रिकामं वजन असतं. वजाबाकी केली की मालाची क्षमता मिळते. विक्रेता ‘साडेतीन टनी ट्रेलर’ म्हणतो तेव्हा तो एकूण वजन सांगत असतो. त्यातले ८०० ते ९०० ट्रेलरचे स्वतःचे. आपल्या उदाहरणातले २,७८५ किलो ३,५०० किलोच्या ट्रेलरवर सुमारे ८० टक्के भरतात, आणि मला हीच पातळी योग्य वाटते. शंभर टक्के भरलेला ट्रेलर खड्ड्यात आदळतो तेव्हा पाटे, हब आणि टायरवर क्षणभर कितीतरी जास्त भार येतो. उरलेले वीस टक्के त्यासाठी ठेवायचे. उलट, खूपच मोठा ट्रेलर घेतला तर रिकामा नेताना तो उड्या मारतो आणि पिकअपची मर्यादा फुकट खातो.

लांबीसाठी मशीनची वाहतुकीतली लांबी बघा, म्हणजे बूम (मशीनचा हात) घडी घालून बकेट टेकवल्यावरची. पावणेदोन टनी मशीनला ती साडेतीन ते चार मीटर, साडेतीन टनीला पाच मीटरच्या आसपास. डेक याच्याइतकाच असून चालत नाही. मशीन पुढे-मागे सरकवून टंग वेट जुळवायला किमान अर्धा मीटर मोकळा हवा. बूम दांड्याच्या वर पुढे काढणार असाल तर पूर्ण वळणावर पिकअपचा हौदा किंवा केबिन त्याला लागत नाही ना, हे मोकळ्या मैदानात ट्रेलर काटकोनात वळवून तपासा. उंचीही मोजा. २.४ मीटरचं मशीन ६० सेंमीच्या डेकवर ठेवलं की तीन मीटर झाले. कमी उंचीची छतं आणि लोंबत्या तारा तिथूनच सुरू होतात.

सांगाडा, डेक, रॅम्प

डेकखालचे आडवे चॅनेल किती अंतरावर आहेत ते खाली वाकून मोजा. ४० सेंमी अंतर मशीनसाठी चांगलं. ६० सेंमी अंतर गवताच्या गाठोड्यांना चालतं, ट्रॅकचा भार मात्र फळ्यांना मधे वाकवतो. दांडा मुख्य सांगाड्याला जिथे मिळतो तो जोड सर्वात जास्त राबतो. दांडा डेकखालून मागपर्यंत गेलेला असेल तर उत्तम, पुढच्या आडव्या पट्टीवर नुसता वेल्ड केलेला असेल तर सोडून द्या.

फळ्यांचा डेक की लोखंडी? रबरी ट्रॅक ओल्या लोखंडी पत्र्यावर घसरतात, चिखल असेल तर फारच. लाकूड पकड देतं आणि एखादी फळी बदलता येते. लोखंडी ट्रॅक असतील तर मात्र ते लाकूड ओरबाडतात, तेव्हा ट्रॅकच्या वाटेवर खडबडीत जाळी किंवा आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या घ्या.

रॅम्पचा कोन हा जिवाचा प्रश्न आहे. १५ अंशांपर्यंतचा चढ बहुतेक मशीनना झेपतो, नक्की मर्यादा मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघा. ६० सेंमी उंच डेकला १५ अंशांसाठी २.३ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, ९० सेंमीला साडेतीन मीटर. दुकानात दिसणारे दीड मीटरचे रॅम्प ६० सेंमीला लावले तर कोन २३ ते २४ अंशांवर जातो. डेकचा मागचा भाग उतरता असेल तर रॅम्प सुरू होण्याची उंची घटते आणि छोटा रॅम्पही चालतो. प्रत्येक रॅम्पवर त्याची क्षमता लिहिलेली असावी, आणि तो डेकला खिळीने किंवा बिजागरीने पक्का अडकणारा असावा. नुसता टेकवलेला रॅम्प ट्रॅक फिरताच मागे फेकला जातो.

मागे आधाराचे पाय आहेत का ते पाहा, नसतील तर बसवून घ्या. मशीन मागच्या टोकावर आलं की ट्रेलर एक्सलवर झुकतो आणि दांडा पिकअपचं मागचं अंग वर उचलतो. पिकअपचा हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांवर काम करतो. ती चाकं हलकी झाली की पकड जाते, आणि पिकअप, ट्रेलर, अर्धवट चढलेलं मशीन असं सगळंच उताराकडे निघतं. डेकखाली टेकलेले दोन पाय हे होऊ देत नाहीत.

ब्रेक आणि कपलर

इलेक्ट्रिक ब्रेकना केबिनमध्ये कंट्रोलर लागतो, पण ताकद तुमच्या हातात राहते आणि गरज पडल्यास फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात. पिकअप जितकी मंदावते त्या प्रमाणात ब्रेक देणारा कंट्रोलर घ्या, ठराविक वेळाने ताकद वाढवणारा स्वस्तातला नको. जुळवताना मोकळ्या रस्त्यावर, माल भरलेला असताना, ताशी ३० ते ४० किलोमीटरवर हाताने ट्रेलर ब्रेक लावा. चाकं जाम होतील इतकी ताकद वाढवा आणि तिथून थोडी कमी करा. रिकाम्या ट्रेलरला पुन्हा वेगळी जुळणी लागते.

ओव्हररन ब्रेकना कंट्रोलर लागत नाही, ट्रेलर पुढे ढकलतो तेव्हा दांडा सरकून ब्रेक लागतात. साधे आणि टिकाऊ. मात्र लांब उतारावर सतत लागून तापतात, आणि रिव्हर्सला सोडवणूक यंत्रणा नसेल तर चढावर मागे जाताना जाम होतात.

ब्रेक कोणतेही असोत, दोन्ही एक्सलवर हवेत. ताशी ६० वरून ८० वर गेलात की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पट होते. फक्त एका एक्सलवरचे ब्रेक हे दरात दिसणारी बचत आणि उतारावर दिसणारी चूक. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी वायर थेट पिकअपच्या सांगाड्याला अडकवा, बॉलच्या मानेला नाही, कारण हिचच निघून आला तर ती वायर ओढलीच जात नाही. इलेक्ट्रिक ब्रेकच्या ट्रेलरवर त्यासाठी वेगळी छोटी बॅटरी असते. ती बऱ्याच जुन्या ट्रेलरवर मेलेली सापडते.

बॉलच्या मापात गंमत करू नका. ५० मिमी आणि २ इंची, म्हणजे ५०.८ मिमी, बॉल डोळ्यांना सारखेच दिसतात. २ इंची कपलर ५० मिमीच्या बॉलवर बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडी मारून निघू शकतो. कपलरवर आणि बॉलवर कोरलेलं माप वाचा. जड ट्रेलरना २ ५/१६ इंची, म्हणजे ५८.७ मिमीचा बॉल असतो.

माल भरल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर उभा राहायला हवा. नाक वर राहिलं तर मागच्या एक्सलवर जास्त भार पडतो, खाली राहिलं तर पुढच्यावर. रबरावर चालणारे टॉर्शन एक्सल भार आपसात वाटून घेत नाहीत, त्यामुळे त्यांना हा तिरपेपणा जास्त बाधतो. मधे झोका असलेले पाट्याचे एक्सल खडबडीत रस्त्यावर भार वाटतात आणि सुटे भाग कुठेही मिळतात. कच्च्या रस्त्यांवरच्या कामाला पाटेच घ्या. उंची जुळवता येणारा कपलर असेल तर वेगवेगळ्या पिकअपला ट्रेलर समतल लावता येतो.

टायरवरचा भार निर्देशांक वाचा. १०८ म्हणजे एका टायरला १,००० किलो, १०४ म्हणजे ९००. ३,५०० किलोच्या ट्रेलरला चार टायरांत प्रत्येकी किमान ८७५ हवेत, पण १,००० चे घ्या. हवा कमी असली की टायरची बाजू वाकून तापते आणि फुटते. ट्रेलरचे टायर बऱ्याचदा नक्षी शाबूत असताना वयाने जातात. बाजूच्या चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षं उलटली की बदला.

जुना ट्रेलर घेताना

दांडा आणि सांगाड्याचा जोड, पाट्यांचे हँगर आणि रॅम्पच्या बिजागऱ्या या तीन जागी तडे शोधा. ताज्या रंगाचा एकच पट्टा दिसला तर खाली काय दडलंय ते खरवडून पाहा. टायर फक्त आतल्या बाजूने झिजले असतील तर एक्सल वाकलेला असण्याची शक्यता मोठी. चाक उचलून वर-खाली हलवा, खेळ जाणवला किंवा फिरवताना घरघर आली तर बेअरिंग गेली. हबमधलं ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ब्रेक ड्रममध्ये ग्रीस उडालं असेल तर लायनर बदलावेच लागतात, पुसून भागत नाही. फळ्यांच्या टोकांना स्क्रू ड्रायव्हर टोचा, कुजलेलं लाकूड आधी टोकाशी मऊ होतं. आणि प्लेट नसलेला ट्रेलर कितीही स्वस्त असो, त्याची क्षमता तुम्हाला कोणीच सांगू शकणार नाही.

चढवणं आणि वजन जुळवणं

ट्रेलर समतल, कडक जमिनीवर, पिकअपला जोडलेलाच ठेवा. हँडब्रेक, चाकांखाली ठोकळे, मागचे पाय खाली. ट्रॅकमधली माती काढा. मशीन कोणत्या तोंडाने चढवायचं ते मॅन्युअल सांगतं, कारण वजनदार बाजू मॉडेलनुसार बदलते. कमी वेगाचा गिअर, सीट बेल्ट, बकेट जमिनीलगत. रॅम्पवर वळवायचं नाही आणि केबिन फिरवायची नाही. वाकडं गेलं तर सरळ खाली उतरून पुन्हा जुळवा. रॅम्प संपून डेक सुरू होतो तिथे मशीन पुढे डुलतं, तिथे जवळपास थांबल्याइतकं हळू जा.

आता टंग वेट. वजनकाट्यावर आधी नुसती पिकअप, मग ट्रेलर जोडून फक्त पिकअपची चाकं काट्यावर. दोन आकड्यांचा फरक म्हणजे टंग वेट. काटा जवळ नसेल तर घरगुती वजनमापावर काम होतं. चाकांना ठोकळे लावून दांडा एका मजबूत आडव्या पाईपवर टेकवा. पाईपचं एक टोक ठोकळ्यावर, दांड्यापासून ३० सेंमीवर. दुसरं टोक वजनमापावर, दांड्यापासून ६० सेंमीवर. जो आकडा येईल त्याला तीनने गुणा. ११० दिसले तर टंग वेट ३३०.

कमी आलं तर मशीन पुढे सरकवा. बॉलपासून एक्सलच्या मध्यापर्यंत चार मीटर असतील, तर १,६७५ किलोचं मशीन फक्त ३० सेंमी पुढे गेलं की टंग वेट सव्वाशे किलोनं वाढतं. बोटभर जागा महत्त्वाची असते ती अशी. योग्य जागा सापडली की ट्रॅकच्या टोकाशी डेकवर रंगाची रेघ मारून ठेवा. मागे जड झालेला ट्रेलर वेग वाढताच शेपटी हलवू लागतो. तसं झालं तर पिकअपचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा.

बांधणी

ब्लेड डेकवर टेकवा, बकेट लाकडी ठोकळ्यावर, केबिन फिरू नये म्हणून लॉक, इंजिन बंद करून लिव्हर हलवून हायड्रॉलिक दाब सोडा. चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र साखळ्या आणि बूमला पाचवी. बांधणीचा माल पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूला ०.५ पट जोर सहन करेल, असं अमेरिकेतले आणि युरोपातलेही नियम धरतात. ग्रेड ७० ची ५/१६ इंची साखळी साधारण २,१०० किलोचा कामाचा भार घेते, ३/८ इंची जवळपास ३,०००. पण हुक, बाइंडर आणि डेकवरची कडी यातलं जे सर्वात कमजोर तीच त्या बांधणीची ताकद.

साखळी मशीनवर खूण केलेल्या बांधायच्या जागीच अडकवा. सिलिंडरच्या चकचकीत दांड्याला, होजला किंवा रबरी ट्रॅकवरून नको. पुढच्या दोन पुढे, मागच्या दोन मागे, साधारण ४५ अंशात ताणलेल्या. रॅचेट बाइंडर घ्या, कारण तरफेचा बाइंडर सुटताना हँडल जोरात उलटतं आणि हात मोडतो. पट्टे जादा बकेट आणि ब्रेकरसाठी ठेवा. ट्रॅकच्या कडेवर घासला की पट्टा काही किलोमीटरांत कापला जातो.

पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरांनंतर थांबा. साखळ्या सैल होतातच, कारण मशीन कंपनांनी ठोकळ्यांवर आणि ट्रॅकवर बसतं. त्याच थांब्यावर हाताची पाठ प्रत्येक हबजवळ न्या. चारांत एकच हब इतरांपेक्षा खूप गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, तिथून पुढे जाऊ नका. नवीन चाकं किंवा नट खोलून बसवलेली चाकं असतील तर पहिल्या ८० किलोमीटरांत टॉर्क पान्याने नट पुन्हा आवळा, आणि बेअरिंगना वर्षातून एकदा, किंवा २०,००० किलोमीटरांना, खोलून नवं ग्रीस भरा.